साहेबांनी चहा कुठं घेतला?

आमच्या कचेरीत न्याय मंगळवारी आणि शुक्रवारी मिळायचा. तोही दुपारी तीननंतर, आणि साहेब बैठकीला, निवडणुकीच्या कामाला, पुराच्या पाहणीला किंवा मंत्र्यांच्या दौऱ्याला गेले नसतील तर. एरवी मिळायची ती तारीख. तारखेला मात्र आम्ही कधी कुणाला नाही म्हटलं नाही.

मी शिरस्तेदार होतो. हल्ली हा शब्द ऐकला की लोकांना कुठल्या तरी संस्थानातला माणूस आठवतो. माझ्या सुनेनं लग्नानंतर एकदा भीत भीत विचारलंच, "बाबा, म्हणजे तुम्ही नक्की काय करत होता?" तिला सांगितलं तेच इथं सांगतो. शेतजमिनीचे सगळे तंटे दिवाणी कोर्टात जातात असा शहरातल्या माणसाचा समज असतो. तसं नाही. उताऱ्यावर नाव कुणाचं लागायचं, बांध कुणी सरकवला, मागच्या शेताला वाट कुठून, असली भांडणं आधी तहसीलदारापुढं येतात. तिथं काळा कोट नाही, साक्षीदाराचा पिंजरा नाही. ज्या टेबलावर सकाळी रेशन कार्डाच्या तक्रारी आणि दुपारी जातीचे दाखले, त्याच टेबलावर तीन वाजता शिपाई हिरवं कापड घालायचा. कापड पडलं की कोर्ट सुरू. साहेब न्यायाधीश, आणि त्यांच्या डाव्या हाताला मी. पुकारा करायचा, कोण हजर, कोण गैरहजर ते लिहायचं, साहेबांना प्रकरण समजावून द्यायचं, साहेब बोलतील तो आदेश कागदावर उतरवायचा. निकाल पटला नाही तर बेळगावात प्रांतांकडे, म्हणजे तहसीलदाराच्या वरच्या साहेबांकडे, अपील.

निपाणीपासून लोंढ्यापर्यंत बऱ्याच कचेऱ्यांत बसलो. कुठली गोष्ट कुठल्या कचेरीतली हे लिहीत नाही. माणसं अजून नोकरीत आहेत, आणि माझी पेन्शन चालू आहे.

आमच्या सीमाभागात या कामात एक जास्तीचा भाग असतो. आदेश कन्नडमध्ये, आणि भांडणारे बहुतेक वेळा मराठीत. बाजारापुरतं कन्नड बहुतेकांना येतं, पण सरकारी आदेशाचं कन्नड मूळच्या कन्नड माणसालाही दोनदा वाचावं लागतं. त्यामुळं निकाल लागला की दोन्ही बाजू साहेबांकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघायच्या. मी व्हरांड्यात जाऊन सोप्या मराठीत सांगायचो, मग जिंकलेला हसायचा आणि हरलेला मला शिव्या घालायचा. हे काम नियमात कुठंच नव्हतं, पण ते केल्याशिवाय व्हरांडा रिकामा व्हायचा नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. दोन भाऊ होते, एका विहिरीवरून भांडणारे. दोघांत मोटारसायकल एकच. प्रत्येक तारखेला दोघं त्याच गाडीवरून यायचे, आत येऊन एकमेकांचा उद्धार करायचे, बाहेर पडल्यावर एकत्र भजी खायचे. निकाल लागला त्या दिवशी हरलेल्यानं किक मारली आणि जिंकलेला मागं बसला. मी साहेबांना म्हटलं, यांना आपली गरजच नव्हती. साहेब म्हणाले, "गरज होती हो. घरात भांडायला जागा नसेल."

दुसरे एक म्हातारे निपाणीकडचे. सुनावणी व्हिडिओवर घ्यायची असं वरून आलं तेव्हाचे. ते त्यांच्या गावच्या सेवा केंद्रात बसले होते, आम्ही कचेरीत. म्हाताऱ्यांनी आधी पडद्याला नमस्कार केला, मग बोलायला लागले. मध्येच त्यांच्याकडचा पडदा थिजला, आवाज तेवढा इकडं येत होता. साहेबांचा हलायचा बंद झालेला चेहरा बघून त्यांना वाटलं, साहेब अगदी लक्ष देऊन ऐकताहेत. साहेब तर केव्हाच उठून दुसऱ्या बैठकीला गेले होते. म्हातारे बोलतच राहिले. शेवटी म्हणाले, "साहेब, एवढं नीट आजपातूर कुनी ऐकलं न्हाय माझं." आम्ही कुणीच हसलो नाही. 

सुधारणा खूप बघितल्या. गावोगाव अदालत भरवायची आली, मग बंद झाली. प्रकरणं संगणकावर चढली. मग मुदत आली. अमुक महिन्यांत निकाल नाही लागला की त्या प्रकरणाची ओळ पडद्यावर लाल होणार, आणि लाल ओळी जास्त असलेल्या तहसीलदाराला जिल्ह्याच्या बैठकीत उभं करणार. यातली एकही सुधारणा वाईट हेतूनं आली नव्हती हे मी कबूल करतो. लोक वर्षानुवर्षं हेलपाटे घालत होते, त्याला आळा हवाच होता. पण प्रत्येक सुधारणा वरून खाली येताना प्रकरण किती दिवसांत संपलं एवढंच विचारायची. भांडण संपलं का, हे विचारणारा रकाना मी नोकरीभर बघितला नाही.

आता सुमनआक्काचं प्रकरण सांगतो. हे सांगायलाच लिहायला बसलो.

खानापूरकडच्या रानाला लागून असलेलं एक गाव. भाताची शेती. सुमनआक्काचा नवरा आणि यल्लाप्पा हे सख्खे भाऊ. वाटणी झाली तेव्हा पुढची जमीन यल्लाप्पाला आली, मागची, ओढ्याकडची, सुमनआक्काच्या नवऱ्याला. मागच्या शेताला जायची वाट पुढच्या शेतातून, मधोमध. भाऊ होते तोवर वाटेचा विषय निघाला नाही. नवरा वारला आणि दोन पावसाळ्यांनी यल्लाप्पानं वाटेवर काटेरी कुंपण घातलं. सुमनआक्का ओढ्याच्या काठानं जायला लागली. कापणी झाल्यावर भाताच्या पेंढ्या डोक्यावरून, त्या निसरड्या काठानं, एकेक खेप करून बाहेर. नांगरटीला ट्रॅक्टर जाईना, म्हणून निम्मं शेत पड राहिलं. वाट मिळाली नाही तर ते शेत विकायचं, आणि घ्यायला गिऱ्हाईक एकच, यल्लाप्पा. म्हणून तिनं अर्ज केला.

तेव्हाचे साहेब भले गृहस्थ. म्हणाले, जागेवर जाऊन बघू. आता इथं बाहेरच्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगायला हवी. आमच्याकडं तंट्याची पाहणी करायला साहेब गेले की गाव नकाशा बघत नाही, मोजणीची साखळी बघत नाही. साहेबांनी चहा कुणाच्या दारात घेतला ते बघतं. ज्याच्या दारात चहा, त्याच्या बाजूनं निकाल. पुढच्या सुनावण्या म्हणजे नुसता देखावा, अशी पक्की समजूत. म्हणून जुने शिरस्तेदार साहेबांना बजावून ठेवायचे की पाहणीत कुणाच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. मीही बजावलं होतं.

पण साहेबांना साखरेचा आजार. एप्रिलचं ऊन, जेवणाची वेळ टळलेली. कुंपणाजवळ उभे असताना त्यांची साखर एकदम उतरली, दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. सगळ्यात जवळचं घर यल्लाप्पाचं. त्याच्या बायकोनं धावत येऊन भरपूर साखर घातलेला चहा दिला. साहेब ओसरीवर बसून दोन कप प्यायले, तेव्हा कुठं त्यांना बोलता यायला लागलं. कुंपणापलीकडं सुमनआक्का उभी होती. तिनं कपही बघितला आणि दुसऱ्यांदा भरलेलाही बघितला. पदर डोक्यावर ओढून ती घरी निघून गेली.

पुढच्या तारखेला ती आली नाही. त्याच्या पुढच्या तारखेलाही नाही. मी तलाठ्याकडून निरोप पाठवला. त्यानं परत येऊन तिचं उत्तर सांगितलं, "कशाला येऊ? साहेबानं चहा घेतला की. त्यो बी दोन कप."

मी साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो, त्या चहानं माझा जीव वाचला." पण ओळ लाल व्हायला आली होती. महिनाअखेर होती, वरून रोज फोन येत होता. अर्जदार वारंवार गैरहजर, सबब अर्ज निकाली. त्या महिन्यात आमच्या तालुक्याचं बैठकीत कौतुक झालं.

आदेशाची प्रत न्यायला आलेल्या सुमनआक्काला मीच व्हरांड्यात समजावलं, अपील करता येतं म्हणून. ती म्हणाली, "अण्णा, तिथं बेळगावात साहेब कुनाच्यात चा पितोय ते तरी दिसंल काय मला?" तरी तिनं अपील केलं. तिचा मुलगा बेळगावजवळ पिरनवाडीला राहून कारखान्यात जायचा, तो रजा काढून तिला प्रांतांच्या कचेरीत न्यायचा. एका प्रांतांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि निकाल लिहायच्या आधी त्यांची बदली झाली. पुढच्यांनी पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. त्यांचीही बदली झाली. तिसऱ्यांनी न ऐकता, कागद वाचून आदेश दिला की प्रकरण खाली परत पाठवा, दोन्ही बाजू ऐकून नव्यानं निकाल द्या. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिनं बोटांवर तिन्ही प्रांत मोजले. मग म्हणाली, "म्हंजे ज्यांनी ऐकलं त्यांनी लिवलं न्हाय, आनी ज्यांनी लिवलं त्यांनी ऐकलं न्हाय. व्हय ना अण्णा?" मी म्हटलं, "व्हय आक्का."  ज्यानं ऐकलं त्यानंच निकाल द्यावा, एवढी साधी सुधारणा कुठल्याच परिपत्रकात आली नाही. मी तिची वाट बघत म्हातारा झालो.

प्रकरण परत आलं तोवर आमच्याकडं नव्या मॅडम आल्या होत्या. तरुण, म्हैसूरकडच्या, मराठी फारसं न येणाऱ्या, पण प्रश्न विचारून भंडावणाऱ्या. त्यांनी पुन्हा जागेची पाहणी ठेवली. या वेळी पावसाळा होता. मी जीपमध्ये बसल्यापासून बजावलं, मॅडम, पाणीसुद्धा नको. त्या हसून "आयतु, आयतु" म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. आणि ओढ्याच्या काठावर, ज्या वाटेनं सुमनआक्का रोज जायची तिथंच, त्यांचा पाय घसरला. गुडघ्यापर्यंत चिखल, कोपर सोलवटलेलं. सुमनआक्कानं हाताला धरून त्यांना आपल्या अंगणात नेलं, पाय धुवायला पाणी घातलं, जखमेवर हळद लावली, आणि समोर गूळ-पाणी ठेवलं. कन्नड बाई आणि मराठी बाई, दोघी मोडक्यातोडक्या भाषेत बोलत बसल्या. मॅडमनी गूळ खाल्ला, वर त्या तांब्याभर पाणी प्यायल्या. मी समोर बघितलं. यल्लाप्पा त्याच्या ओसरीवर उभा होता. तो आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

पुढं काय होणार ते मला त्याच क्षणी कळलं. यल्लाप्पा पुढच्या तारखेला आला नाही. त्यानंतरच्याही नाही. नोटिसा दारावर चिकटवून झाल्या. ओळ पुन्हा लाल व्हायला आली.

त्या शुक्रवारी आदेशाचा मसुदा तयार होता. सामनेवाला वारंवार गैरहजर, सबब अर्जदारास वाट मोकळी करून द्यावी. तीनच्या आधी मी व्हरांड्यात गेलो. सुमनआक्का बाकावर बसली होती, मुलगा शेजारी.

"आक्का, आज निकाल तुमच्यासारखा," मी म्हटलं.

"भाऊजी आल्यात?"

"न्हाय. म्हणून तर."

 मुलगा खूश झाला होता. पुकारा झाला, ती आत आली, हिरव्या कापडापुढं हात जोडून उभी राहिली. मॅडमनी पेन हातात घेतलं. तेवढ्यात ती म्हणाली,

"बाईसाहेब, फुडची तारीख द्या."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, माझंच ऐकण्यात काही चुकलं. जिंकायला आलेल्या माणसानं तारीख मागितलेली मी उभ्या जन्मात बघितली नव्हती. मुलगा मागून म्हणाला, "आई, खुळी झालीस काय गं?" तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"त्यांनी तुमाला माझ्यात पानी पितानी बगितलंय. म्हनून त्ये न्हाईत आलं. मी बी अशीच न्हाय आलते. अशी मिळाल्याली वाट मला नको. त्या वाटंनं रोज त्यांच्या दारावरनं जायाचं हाय मला."

मी हे कन्नडमध्ये मॅडमना सांगितलं.  मॅडमनी बराच वेळ पेनाचं टोपण उघडलं, मिटलं. "आज मुदत संपते," त्या मला म्हणाल्या. मी म्हटलं, "होय मॅडम." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तारीख दिली.

त्याच संध्याकाळी सुमनआक्का यल्लाप्पाच्या दारात गेली. हे मला नंतर यल्लाप्पानंच सांगितलं. कुंपण घातल्यापासून तिनं ती पायरी चढली नव्हती. ती आत गेली नाही, पायरीवरच उभी राहिली.

"भाऊजी, बाईचा पाय घसरला म्हनून ती माझ्यात आली. तुमच्यात आल्याल्या साहेबाला बी घेरी आलती. मला आत्ता कळालं त्ये. तुमी तारखंला या."

"कशाला? हरायला?"

"हरा न्हायतर जिंका. पर समोर येऊन बोला. इतकी वर्सं भांडतोय, तुमी कुंपान का घाटलं त्ये मला अजून ठावं न्हाय."

तो आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, कपाळावर गंध, चेहरा फाशी द्यायला आणल्यासारखा. मॅडमनी त्याला खुर्ची दिली, तिलाही दिली. आमच्या कोर्टात पक्षकाराला खुर्ची द्यायची पद्धत नव्हती. मग त्यांनी मला सांगितलं, "यांना विचारा, कुंपण का घातलं?"

वाट पूर्वापार होती की नव्हती, हे आजवर सगळ्या साहेबांनी विचारलं होतं. नकाशात आहे का, साक्षीदार कोण, हेही. का, हे कुणी विचारलं नव्हतं. यल्लाप्पानं एकदा माझ्याकडं, एकदा वहिनीकडं बघितलं.

"बाईसाहेब, माझा भाताच्या रोपांचा तरवा त्या वाटंच्या कडंला असतोय. रोपं हाताहाताएवडी झाली की वैनीचा ट्रॅक्टर मदनंच जायाचा. चिखलात चाक फसायचं, बांद फुटायचा, तरवा सगळा वाहून जायाचा. दोन वर्सं असं झालं. दादा असता तर दादाला बोललो असतो. इधवा भावजयीला काय बोलायचं? गाव काय म्हनंल? म्हनून कुंपान घाटलं."

"मग त्ये मला सांगायचं न्हाय?" सुमनआक्का खुर्चीतून उठलीच. "मी काय तुमाला खानार हुते? कडंच्या बांदावरनं घाटला असता की ट्रॅक्टर!"

"तुमी इचारलासा कुटं? सरळ अर्ज घाटलासा."

दोघंही एकदम बोलायला लागली, आणि मी भाषांतर थांबवलं. मॅडमनी हातानं मला गप्प राहायची खूण केली होती. वाट मधून काढून पूर्वेच्या बांधाच्या कडेनं न्यायची, बांध दोघांनी मिळून रुंद करायचा, तरवा असेपर्यंत ट्रॅक्टर घालायचा नाही. हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. आम्ही नुसतं लिहिलं. आदेश मराठीत वाचून दाखवायची मला गरज पडली नाही. दोघांनाही पाठ होता.

व्हरांड्यात यल्लाप्पा मुलाला म्हणाला, "अरं, उद्या कुदळ घिऊन ये. कुंपान काडाय पायजे." मुलगा अजून रागातच होता, पण दुसऱ्या दिवशी गेला.

त्या पावसाळ्यानंतर सुमनआक्काचं भात ट्रॅक्टरनं बाहेर आलं. पड राहिलेलं निम्मं शेतही तिनं नांगरून घेतलं. विकायचा विषय संपला.

हे सगळं इतकं गोड सांगून मी थांबलो असतो. पण माझ्या निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना वरून एक मेमो आला, माझ्या नावानं. अमुक प्रकरण मुदतीत निकाली का निघालं नाही, जबाबदार कर्मचाऱ्यानं लेखी खुलासा करावा. मॅडमची तोवर बदली झाली होती. बैठकीचं बोलवणं, रजा, संगणक बंद, असली ठरलेली कारणं सहकाऱ्यांनी सुचवली. ती लिहिली असती तर फाईल तिथंच बंद झाली असती. मी टेबलापाशी बसलो, कागद घेतला, आणि जे खरं होतं ते शुद्ध सरकारी कन्नडमध्ये लिहिलं. त्याचं मराठी असं:

"विलंबाचे कारण: दोन्ही पक्ष हजर झाले."

पंधरवड्यानं उत्तर आलं. खुलासा समाधानकारक नाही, पुन्हा असे होणार नाही याची दक्षता घ्यावी.